सही करण्याआधी: ग्रामपंचायतीचा हिशेब दर महिन्याला कसा तपासावा

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या, नव्यानेच निवडून आलेल्या सरपंचताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. चेकवर आणि ऑनलाइन प्रदानावर (पैसे देण्याच्या मंजुरीवर) सही करताना नेमकं काय पाहायचं? मागच्या कार्यकाळातले लेखापरीक्षणाचे आक्षेप प्रलंबित आहेत, ते आपल्या अंगावर येतात का? आणि ग्रामसभेत लोक हिशेब मागतात, तो त्यांना कळेल असा कसा मांडायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबेल, कारण उरलेली दोन्ही उत्तरं त्यावरच उभी आहेत.

ताई, ग्रामपंचायतीचा हिशेब लेखापरीक्षक आल्यावर बिघडत नाही. तो ज्या दिवशी पावती फाडली आणि भरणा केला नाही, त्या दिवशी बिघडलेला असतो. लेखापरीक्षक येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं लोटतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली झालेली असते, पावतीपुस्तक सापडत नाही, आणि मग साधी चूकसुद्धा अपहारासारखी दिसते. म्हणून महिन्यातला एक दिवस हिशेबासाठी राखून ठेवा. मासिक सभेच्या दोन-तीन दिवस आधीचा बरा. त्या दिवशी ग्रामपंचायत अधिकारी आणि कर वसूल करणारा कर्मचारी या दोघांना समोर बसवून पुढे सांगितलेलं पाहा. दोन तास पुरतात.

पावतीपुस्तकापासून सुरुवात

लेखासंहिता २०११ प्रमाणे ग्रामपंचायतीचं दप्तर १ ते ३३ नमुन्यांत ठेवायचं असतं. सगळे नमुने पाठ करायची गरज नाही. पैसा आत येतो तो नमुना ७ आणि नमुना १० या दोन पावत्यांनी. ७ ही सामान्य पावती, १० ही कर आणि फीची. या दोन पुस्तकांखेरीज गावात एकही रुपया कोणी घेता कामा नये. बाजारकर, मंगल कार्यालयाचं भाडं, नळजोडणीची अनामत, दाखल्याची फी, सगळ्याला पावती हवीच.

आधी साठा मोजा. कपाटात किती कोरी पुस्तकं आहेत, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, आणि वापरात कोणती आहेत. साठा नोंदवहीतल्या आकड्याशी ते जुळलं पाहिजे. बहुतेक गैरप्रकार इथूनच सुरू होतात. नोंदीबाहेरचं एक पुस्तक बाजूला पडलेलं असतं, त्यावर वसुली होते, आणि ती रोकडवहीपर्यंत पोहोचतच नाही.

मग वापरातलं पुस्तक उघडा आणि मागच्या महिन्याच्या पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत क्रमांक सलग आहेत का ते बघा. रद्द केलेली पावती असेल तर तिची मूळ प्रत पुस्तकातच चिकटवलेली हवी. मूळ प्रत नसेल तर ती पावती रद्द झाली असं मानू नका. स्थळप्रतीवरची (पुस्तकात राहणाऱ्या कार्बन प्रतीवरची) रक्कम अंकी आणि अक्षरी एकच आहे का, कार्बनचा ठसा अंक आणि अक्षर दोन्हींवर सारखाच उमटलाय का, हेही नजरेखालून घाला. मूळ पावतीवर १,८५० आणि स्थळप्रतीवर ८५० असा फरक करायचा तर कार्बन काढून दोनदा लिहावं लागतं, आणि ते कागदावर दिसतं. शंका आली तर त्यातल्या चार-पाच घरी जाऊन मूळ पावती पाहा. संगणकीय पावत्या असतील तर संगणकावरचा दिवसाचा गोषवारा काढून घ्या आणि त्याच दिवसाच्या रोख भरण्याशी जुळवा.

पावत्यांची महिन्याची बेरीज, रोकडवहीच्या जमा बाजूची बेरीज आणि बँकेत केलेल्या भरण्याची बेरीज, हे तीन आकडे एका कागदावर लिहा. गोळा झालेली रक्कम त्याच दिवशी किंवा बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरली पाहिजे, आणि आलेल्या रोखीतून परस्पर खर्च तर कधीच होता कामा नये. "पाइपलाइन फुटली होती, वसुलीतलेच पैसे दिले" हे कारण प्रामाणिक असू शकतं. तरीही तो आक्षेप होतोच, कारण जमा आणि खर्च दोन्ही एकाच वेळी नोंदीबाहेर राहतात. तातडीच्या किरकोळ खर्चासाठी नमुना १८ ची किरकोळ रोकडवही आहे. ती चालू ठेवा.

रोकडवही आणि पासबुक यांचा मेळ

नमुना ५ च्या रोकडवहीतली महिनाअखेरची बँक शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक क्वचितच सारखी असते. सारखी नसणं ही चूक नाही. फरकाचं कारण लिहून न ठेवणं ही चूक आहे. ताळमेळ कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे नमुन्यादाखल आहेत.

रोकडवहीप्रमाणे ३१ तारखेची बँक शिल्लक २,४६,३५०. पासबुकात २,७१,८५०. फरक २५,५००. आता शोधायला लागा. आपण दिलेले पण समोरच्याने अजून न वटवलेले दोन धनादेश आहेत, १८,००० आणि १२,४००. हे ३०,४०० रोकडवहीतून वजा झालेत, बँकेतून नाहीत, म्हणून मिळवायचे. झाले २,७६,७५०. ३१ तारखेला भरलेले ८,००० बँकेने १ तारखेला जमा धरले, ते वजा. २,६८,७५०. बँकेने २३६ रुपये शुल्क कापलं, त्याची नोंद आपण केलेली नाही, ते वजा. २,६८,५१४. आणि ३,३३६ रुपये व्याज जमा झालं, तेही आपल्या वहीत नाही, ते मिळवायचं. २,७१,८५०. पासबुकाशी जुळलं.

हा कागद दर महिन्याला, प्रत्येक बँक खात्याचा वेगळा, तुमच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या सहीने फाइलला लागला पाहिजे. व्याज आणि शुल्काच्या नोंदी त्याच दिवशी रोकडवहीत घ्यायला लावा. न वटलेला धनादेश तीन महिन्यांवर गेला की त्याची मुदत संपते. तो परत जमा बाजूला घ्यावा लागतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. "एकूण आकडा जुळतोय ना, मग झालं" असं कोणी म्हणालं तर थांबू नका. एका खात्यात जास्तीची रक्कम आणि दुसऱ्या खात्यात तेवढीच कमी, अशीही बेरीज जुळते. ग्रामनिधी, पाणीपुरवठा आणि वित्त आयोग ही तीन खाती तरी प्रत्येक गावात असतातच, आणि त्यांच्यातली उसनवारी हा आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत वारंवार दिसणारा दोष आहे. नळयोजनेचं वीजबिल थकलं म्हणून दुसऱ्या निधीतून भरलं, पुढे पाणीपट्टी आली की परत करू म्हटलं, आणि ते राहूनच गेलं. माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात उन्हाळ्यात पंप जास्त चालतो आणि वसुली मात्र थंड असते, तेव्हा हा मोह फार होतो. पाणीपट्टीचा दर ठरवतानाच वर्षभराचं वीजबिल, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) आणि दुरुस्ती यांची बेरीज करून ती नळजोडण्यांच्या संख्येने भागा. जो आकडा येतो त्यापेक्षा दर कमी ठेवायचा असेल तर तूट कोणत्या उत्पन्नातून भरणार, ते ठरावातच लिहा.

बिलावर सही

बिल समोर आलं की आधी रक्कम पाहू नका, तारखा पाहा. कामाची गरज मांडणारा ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, बिल आणि शेवटी प्रदान. या साखळीत कोणतीही तारीख आधीच्या तारखेच्या मागे जाता कामा नये. ठराव १५ तारखेचा आणि दरपत्रक ९ तारखेचं असेल तर काम आधी ठरलं आणि कागद नंतर जमवले, हे लेखापरीक्षकाला पाच मिनिटांत समजतं. तीन दरपत्रकांत शुद्धलेखनाची एकच चूक तिन्ही ठिकाणी असेल, तर ती एकाच संगणकावरून निघाली आहेत. असं बिल परत पाठवा.

कामाचे तुकडे पाडणं हा दुसरा नेहमीचा दोष. शाळेपासून ओढ्यापर्यंतचं एकच गटार, पण "शाळा ते मंदिर", "मंदिर ते चावडी", "चावडी ते ओढा" अशी तीन कामं दाखवून प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेखाली बसवलं जातं. ही मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं. चालू वर्षातलं परिपत्रक पंचायत समितीकडून लेखी मागवून फाइलला लावा, तोंडी माहितीवर विसंबू नका.

मोजमाप पुस्तिका हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर जा. इंजिनिअर नसल्याने काही अडत नाही. काँक्रीट रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड असं लिहिलं असेल तर काँक्रीट ४५ घनमीटर होतं. लांबी-रुंदी टेपने मोजता येते. जाडी रस्त्याच्या कडेला, जिथे साइडपट्टी भरलेली नाही तिथे, चार-पाच ठिकाणी पट्टी लावून कळते. ती १२ सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ३६ घनमीटरच झालं, म्हणजे बिलातलं पाचवा हिस्सा काम झालेलंच नाही. साइडपट्टी भरल्यावर हे दिसत नाही. म्हणून काँक्रीट पडतानाच जायचं, आणि तारीख व ठिकाण उमटेल असे फोटो घ्यायचे. मोजमापाची जबाबदारी अभियंत्याची आहे, हे खरं. पण सही तुमचीही आहे.

वस्तू खरेदीच्या बिलावर साठा नोंदवहीचा पान क्रमांक लिहिलेला नसेल तर सही करू नका. टीसीएल पावडर, झाडू, बल्ब अशा संपणाऱ्या वस्तू नमुना १५ ला. खुर्च्या, संगणक, मोटर अशा टिकणाऱ्या वस्तू नमुना १६ ला. एलईडी बल्बचं उदाहरण घ्या. ६० बल्ब आले, ६० नोंदले, इथवर सगळं ठीक असतं. पुढे ते कोणत्या खांबावर लागले आणि काढलेले जुने बल्ब कुठे गेले, याची नोंद नसते. "वाटप नोंद नाही" या एका शेऱ्याने संपूर्ण खर्च आक्षेपाधीन जातो. बल्ब बसवणाऱ्याकडून खांबनिहाय यादी सहीसह घेतली की हा प्रश्नच उरत नाही.

कपातींकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे कोणाची नियत वाईट नसतानाही ग्रामपंचायतीला दंड बसतो. समजा एका वैयक्तिक ठेकेदाराचं जीएसटी वगळून ४ लाखांचं बांधकाम बिल आहे. आयकर १ टक्का, म्हणजे ४,०००. ठेकेदार कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर २ टक्के. कराराची रक्कम जीएसटी वगळून अडीच लाखांपेक्षा जास्त आहे, म्हणून जीएसटीची उगमकपात (टीडीएस) २ टक्के, ८,०००. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, ४,०००. याशिवाय गौण खनिजाचं (वाळू, खडी, मुरूम यांचं) स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी, आणि करारात ठरलेली सुरक्षा अनामत. बिलातून हे कापलं जातं, पण त्या त्या खात्याला भरायचं राहून जातं. कापलेला आयकर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि जीएसटी १० तारखेपर्यंत भरायचा असतो. उशीर झाला तर कापलेल्या आयकरावर दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि आयकराचं तिमाही विवरणपत्र राहिलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क. हे व्याज आणि शुल्क गावाच्या निधीतून भरलं की लेखापरीक्षक ते संबंधितांकडून वसूलपात्र धरतो. महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: मागच्या महिन्यात कापलेल्या प्रत्येक रुपयाचं चलन दाखवा.

डोंगल तुमच्याच ताब्यात

वित्त आयोगाची प्रदानं ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून होतात. ग्रामपंचायत अधिकारी प्रदान तयार करतात, सरपंच मंजूर करतात, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात; या सह्या डोंगल नावाच्या, पेनड्राइव्हसारख्या साधनात असतात. दोन माणसांनी दोनदा पाहावं, म्हणूनच ही रचना आहे. पण दोन्ही डोंगल सेवा केंद्रातल्या ड्रॉवरमध्ये आणि दोन्ही पासवर्ड संगणकचालकाच्या वहीत असले तर दोन सह्यांना अर्थ उरत नाही. डिजिटल सही कायद्याने तुमचीच सही आहे. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर नंतर चालत नाही. डोंगल घरी ठेवा, पासवर्ड स्वतः बदला, आणि मंजुरी देताना लाभार्थ्याचं नाव, खाते क्रमांक आणि रक्कम छापील बिलाशी ताडून पाहा. बँक खात्याचा एसएमएस तुमच्या मोबाइलवर येतो का, हे बँकेत जाऊन खात्री करून घ्या. मागच्या सरपंचांचाच नंबर अजून नोंदलेला असणं, ही नेहमीची गोष्ट आहे. कोऱ्या धनादेशावर आणि इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर सही, हे तर कोणाच्याही आग्रहाने करायचं नाही.

१५ व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित, ४० टक्के अबंधित असा नियम होता. बंधित म्हणजे निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. अबंधितातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. आयोग बदलला की प्रमाण बदलतं, पण दोन गोष्टी कायम राहतात. गावाच्या विकास आराखड्यात नसलेलं काम या निधीतून करता येत नाही, आणि निधीवरचं व्याज हे त्या निधीचंच असतं, ते ग्रामनिधीत वळवायचं नाही.

स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. १२ लाख स्वउत्पन्न असेल तर अनुक्रमे १,८०,०००, १,२०,००० आणि ६०,०००. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने भांडी आणि शिलाई मशीन वाटून हा आकडा गाठायची पद्धत पडली आहे, आणि ती मनाला लागते, कारण ज्यांच्यासाठी हे पैसे आहेत त्यांना कधी कोणी विचारलेलंच नसतं. एप्रिलमध्ये मागासवर्गीय वस्तीत, महिला ग्रामसभेत आणि दिव्यांगांच्या यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन गरज लिहून आणा, आणि दर तिमाहीला थोडा थोडा खर्च करा. नमुना २८ मध्ये त्याचा मासिक हिशेब जातो. या वर्षी न झालेला खर्च पुढच्या वर्षी अनुशेष म्हणून दाखवावा लागतो, तो माफ होत नाही.

वसुलीचा आकडा कसा वाचायचा

"६५ टक्के वसुली झाली" असं सांगितलं की समाधान मानू नका. नमुना ९ ची मागणी नोंदवही उघडून आकडा फोडा. मागील थकबाकी ४,२०,०००, चालू मागणी ६,८०,०००, एकूण ११,००,०००, वसुली ७,१५,०००. टक्केवारी ६५. पण त्यात चालू करातले ६,२५,००० आले असतील तर चालू वसुली ९२ टक्के आहे आणि थकबाकीतले ९०,००० म्हणजे जेमतेम २१ टक्के. याचा अर्थ गावातली बहुतेक माणसं वेळेवर भरतात, आणि ठरावीक काही खाती वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. त्यांची यादी काढा. त्यात मयत खातेदार, दुबार नोंदी आणि पाडलेली घरं किती, आणि भरायची ऐपत असूनही न भरणारे किती, हे वेगळं करा. पहिल्या गटासाठी नोंदवही रीतसर ठरावाने दुरुस्त करायची, दुसऱ्यांवर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे देयक, मागणी नोटीस आणि जप्तीपर्यंतची पायरी चढायची. लोकअदालतीत ही प्रकरणं ठेवली की बरीचशी नोटिशीनेच मिटतात.

आणि वर्षअखेरची येणे बाकी ३,८५,००० पुढच्या वर्षाच्या पहिल्या पानावर ३,८५,०००च आली पाहिजे. ती कमी आली असेल तर कुणाची तरी थकबाकी गुपचूप पुसली गेली आहे.

मागणीची देयकं एप्रिलमध्येच घरोघर पोचवा. सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला ५ टक्के सूट आणि मार्चनंतर ५ टक्के दंड, हे दवंडीत आणि गावच्या ग्रुपवर सांगा. तुमच्या भागात द्राक्षाचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये हातात येतो, वाळवा-पलूस-कराडकडे ऊसबिल गाळप सुरू झाल्यावर. लोकांच्या हातात पैसा असताना दारात गेलात तर वसुलीला वाद होत नाही. मात्र सर्वांत आधी सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांच्या घरांचा कर भरलेला असू द्या. देयक मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास कलम १४ नुसार सदस्यपद जाऊ शकतं. आणि ज्याची स्वतःचीच बाकी आहे त्याला लोक दारात उभं करत नाहीत.

हद्दीत साखर कारखाना किंवा मोठा उद्योग असेल तर कलम १२५ प्रमाणे करांऐवजी ठोक रकमेचा करार करता येतो. असे जुने करार मुदत संपूनही तसेच चालू राहिलेले आढळतात. पाटणच्या पठारावरच्या गावांत पवनचक्क्यांच्या आकारणीचंही तसंच. अशा एका खात्यातून शंभर घरांच्या घरपट्टीइतकं उत्पन्न येऊ शकतं, म्हणून करार शोधून काढा आणि त्याची तारीख वाचा. घरांची आकारणीही दर चार वर्षांनी फेरतपासायची असते. दोन मजले चढलेल्या घराला जुन्याच पत्र्याच्या खोलीची घरपट्टी लागत असेल, तर तो नियमाने भरणाऱ्या शेजाऱ्यावर अन्याय आहे.

जुने आक्षेप

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्थानिक निधी लेखापरीक्षा १९३० च्या कायद्याखाली चालते. अहवालात साधारण दोन प्रकारच्या रकमा असतात. आक्षेपाधीन, म्हणजे कागद दाखवा तर मान्य. आणि वसूलपात्र, म्हणजे नुकसान झालंय, ते भरून द्या. वसुलीची जबाबदारी त्या काळात पदावर असलेल्यांची, बहुतेक वेळा तत्कालीन सरपंच आणि सचिव (म्हणजे तेव्हाचे ग्रामपंचायत अधिकारी) यांची. ती तुमच्यावर येत नाही. पण आक्षेपांचं अनुपालन, म्हणजे कागदांसह उत्तर, सादर करायचं काम चालू ग्रामपंचायतीचं आहे, आणि तिथे सावध राहा. "प्रमाणक तपासले, बरोबर आढळले" अशा तयार अनुपालनावर ते प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) प्रत्यक्ष न पाहता सही केलीत, तर त्या चुकीत तुम्ही सामील होता.

नमुना ३० ची आक्षेप नोंदवही काढून प्रत्येक परिच्छेदापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: कागद आहे, कागद नाही, रक्कम भरायची आहे. कागद असलेले आक्षेप एका महिन्यात निकाली निघतात, आणि त्यांची संख्या बहुधा निम्म्याहून जास्त असते. कागद नसेल तर तत्कालीन सचिवांना आणि सरपंचांना ग्रामपंचायतीचं पत्र द्या, पोच घ्या आणि गटविकास अधिकाऱ्यांना कळवा. दप्तर हस्तांतराची यादी झाली होती का, हे त्याच वेळी विचारा. झाली नसेल तर आज आहे त्या दप्तराची पाननिहाय यादी पंचनाम्यासारखी करून दोन सदस्यांच्या सह्या घ्या. तुमच्या कार्यकाळाची सीमारेषा तिथे आखली जाते. कृष्णाकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दप्तर भिजलं, ते कारण खरं आहे. पण त्याचाही पंचनामा हवा, नुसतं "पुरात गेलं" हे उत्तर स्वीकारलं जात नाही.

ग्रामसभेत हिशेब

आपल्या भागाला गावाने गावाचा कारभार पाहण्याची ओळख जुनी आहे. औंध संस्थानाने १९३९ साली ग्रामपंचायतींच्या पायावर राज्यघटना स्वीकारली, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातले आटपाडी आणि कुंडल त्याच संस्थानात होते. ग्रामसभेत माणसं हिशेब मागतात तेव्हा त्याकडे विरोध म्हणून पाहू नका. त्यांना त्यांच्या पैशाची माहिती हवी आहे.

कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा घ्यायची आणि तिच्यापुढे चार कागद ठेवायचे: मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाची कामं, आणि शेवटचं लेखापरीक्षण टिपण त्याच्या उत्तरांसह. १ मेची सभा यासाठी सोयीची पडते. चौथा कागद सहसा वाचलाच जात नाही. तो मुद्दाम वाचा.

जमाखर्च वाचून दाखवायला लागलात की पाचव्या ओळीला लोक उठतात. त्याऐवजी सभेच्या सात दिवस आधी चावडीच्या भिंतीवर किंवा मोठ्या फ्लेक्सवर एक तक्ता लावा. कामाचं नाव, निधी कोणता, मंजूर रक्कम, आजवर दिलेली रक्कम, ठेकेदार, लांबी-रुंदी-जाडी. रकान्यात लांबी आणि जाडी लिहिली की गावातला गवंडी स्वतः टेप घेऊन जातो, आणि त्याच्याइतका चांगला तपासनीस दुसरा कोणी मिळत नाही. महिला ग्रामसभा आदल्या दिवशी घेऊन पाणीपट्टीचा आणि नळयोजनेचा हिशेब तिथे आधी मांडा. नळाला पाणी किती दिवसांनी आलं याची अचूक नोंद घरातल्या बायकांकडे असते, ती वीजबिलाच्या युनिटशी ताडून पाहता येते. पंप महिनाभर चालल्याचं बिल आहे आणि पाणी आठवड्यातून दोनदाच आलं, तर गळती शोधायला लागा.

कोणी माहिती अधिकारात अर्ज दिला तर ३० दिवसांची वाट पाहू नका. रोकडवही, प्रमाणकं आणि मोजमाप पुस्तिका टेबलावर ठेवून त्याला अवलोकन करू द्या, आणि हव्या त्या पानांच्या प्रती शुल्क घेऊन त्याच दिवशी द्या.

या आठवड्यात करायची कामं एवढीच: बँकेत तुमचा मोबाइल नंबर नोंदवा, डोंगल ताब्यात घ्या, कोऱ्या पावतीपुस्तकांचा आणि धनादेशांचा साठा मोजून त्याखाली तारीख टाकून सही करा, आणि नमुना ३० काढून ठेवा. पुढच्या मासिक सभेच्या अजेंड्यावर "मागील महिन्याचा बँक ताळमेळ वाचून मंजूर करणे" हा विषय दुसऱ्या क्रमांकावर घ्या.